रेषेला रुंदी असते : डहाणू-तलासरीवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या आखणीविषयी

आज मी एका रेल्वेमार्गाच्या आखणीबद्दल बोलणार आहे. मी इंजिनिअर नाही, अर्थतज्ज्ञही नाही. आयुष्यभर शिकवलं ते तत्त्वज्ञान. त्यामुळे गाडी नफ्यात चालेल की तोट्यात, गर्डर कसा चढवतात, यावर मी बोलणार नाही. पण आखणी ही फक्त इंजिनिअरची गोष्ट नसते. नकाशावर रेष ओढण्याआधी आपण मनात काहीतरी गृहीत धरलेलं असतं, आणि गृहीतकं तपासणं हे माझ्या विषयाचं जुनं काम आहे.

मार्ग कोणता? मुंबई-अहमदाबाद हायस्पीड रेल्वे, म्हणजे आपण जिला बुलेट ट्रेन म्हणतो ती. आणि जागा कोणती? पालघर जिल्ह्यातले डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके.

एक शंका सुरुवातीलाच घेतो, कारण ती प्रश्नोत्तरांत येणारच. आता बोलून काय उपयोग? सगळी १३८९.४९ हेक्टर जमीन ताब्यात आल्याचं जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं. झाडं तोडली गेली, खांब उभे राहिले. मग हा विषय शिळा नाही का? माझं म्हणणं असं की या मार्गापुरता तो उशिराचा असेल, पण या दोन तालुक्यांपुरता नाही. इथून आणखी रेषा जायच्या आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्या बंदराला जोडणारा सुमारे ३२ किलोमीटरचा महामार्ग आणि मालगाड्यांच्या मार्गापर्यंतचा रेल्वे फाटा या योजनेत आहेत. एक रेष कशी आखली हे आपण नीट पाहिलं नाही, तर पुढची तशीच आखली जाणार.

आधी भूगोल पाहू. मुंबईहून गुजरातकडे जायचं तर सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टीच वाट देते. डहाणू आणि तलासरी या पट्टीच्या उत्तर टोकाला आहेत. त्यामुळे जे जे मुंबईहून उत्तरेकडे जातं, ते ते इथून जातं. जुनी पश्चिम रेल्वे इथून गेली. मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग चारोटी, तलासरी करत अच्छाडला राज्य ओलांडतो. मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि आता बुलेट ट्रेन, हे सगळं त्याच पट्टीत आहे. उच्च दाबाच्या वीजवाहिन्या मी मोजतच नाही.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. ते इथून जातं, पण इथे बहुतेक वेळा थांबत नाही. बुलेट ट्रेनची बारा स्थानकं आहेत, त्यांतली चार महाराष्ट्रात : वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार, बोईसर. त्यानंतर थेट वापी. बोईसर सुमारे १०४ किलोमीटरवर, वापी सुमारे १६८ किलोमीटरवर. मधल्या चौसष्ट किलोमीटरांत स्थानक नाही, आणि डहाणू-तलासरी नेमके त्या मधल्या भागात आहेत. ताशी ३२० किलोमीटर वेगाने ही गाडी ते अंतर बाराएक मिनिटांत कापेल. प्रवाशाचा चहा संपेपर्यंत दोन तालुके मागे पडलेले असतील.

आता एवढ्यावरून अन्याय सिद्ध होत नाही, हे आधी मान्य करू. वेगवान गाडी प्रत्येक गावात थांबली तर ती वेगवान राहणार नाही. पाणी, वीज, रेल्वे यांपैकी प्रत्येक गोष्ट कुणाच्या ना कुणाच्या शेतावरून येते. आपल्या घरी नळाला येणारं पाणीही कुठल्यातरी गावातून निघालेलं असतं. म्हणून ‘इथून का जाते’ हा माझा प्रश्न नाही. ज्यांच्या अंगणातून ती जाते, त्यांना आखणीत कोणती जागा होती, हा माझा प्रश्न आहे.

भूमितीत शाळेत शिकवतात की रेषेला लांबी असते, रुंदी नसते. युक्लिडपासून हे चालत आलंय. कागदावरच्या भूमितीला ते पुरेसं आहे. अडचण अशी की आपल्या कायद्यांनी आणि नियोजनानेही ही व्याख्या उचलली आहे. सरकारी भाषेत एक शब्द आहे, ‘रेषीय प्रकल्प’. रस्ते, रेल्वे, कालवे, वीजवाहिन्या हे सगळे रेषीय. ऐकायला हे निव्वळ वर्गीकरण वाटतं. पण हा शब्द जिथे जिथे येतो, तिथे तिथे काहीतरी विचारायचं राहून जातं. तीन उदाहरणं देतो.

पहिलं २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं. बहुपिकी बागायती जमीन सहसा घेऊ नये, अगदी अपवाद म्हणून घ्यावी, असं या कायद्याचं दहावं कलम सांगतं. का? तर देशाच्या अन्नसुरक्षेसाठी. पण त्याच कलमाच्या शेवटी म्हटलंय की रेल्वे, महामार्ग, कालवे अशा रेषीय प्रकल्पांना हे लागू नाही. म्हणजे कारखान्यासाठी शेत घ्यायचं तर विचार करा, रुळांसाठी घ्यायचं तर नको.

दुसरं जंगलाचं. वनहक्क कायदा २००६ चा. वनजमीन दुसऱ्या कामाला वळवायची तर ग्रामसभेची संमती लागेल, असं पर्यावरण मंत्रालयाने ऑगस्ट २००९ मध्ये स्पष्ट केलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याच मंत्रालयाने पत्र काढलं की अनेक गावांतून जाणाऱ्या रेषीय प्रकल्पांना ही अट नाही. अतिमागास मानल्या गेलेल्या जमातींच्या हक्कांना बाधा येत असेल तेवढाच अपवाद.

तिसरं पर्यावरण मंजुरीचं. २००६ च्या अधिसूचनेत कोणत्या प्रकल्पांना पूर्वमंजुरी लागते याची यादी आहे. त्यात रेल्वे नाही. बुलेट ट्रेनचा पर्यावरणीय आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास झाला हे खरं. पण आपल्या अधिसूचनेने तो मागितला नव्हता. कर्ज देणाऱ्या जपानी संस्थेच्या, जायकाच्या, मार्गदर्शक तत्त्वांत तो बसवलेला होता. प्रकल्पाचा मूळ अंदाजित खर्च सुमारे एक लाख आठ हजार कोटी होता, त्यातले ८१ टक्के जपानकडून कर्जाऊ, ०.१ टक्का व्याजाने, पन्नास वर्षांच्या मुदतीने. हे आकडे आपण पुष्कळदा ऐकले. पण तलासरीच्या माणसाला त्याच्या परिसराचं काय होणार हे सांगण्याची जबाबदारी आपल्या कायद्यापेक्षा सावकाराच्या नियमावलीने जास्त घेतली, याची लाज आपल्याला वाटायला हवी होती. ती कुठे फारशी दिसली नाही.

आता सरकारच्या बाजूचा सगळ्यात चांगला युक्तिवाद घेऊ. चांगला म्हणजे खरोखर चांगला. तो असा की कारखाना एका गावात असतो, रेषा शेकडो गावांतून जाते. प्रत्येक ग्रामसभेला नकाराचा अधिकार दिला, तर एक गाव पाचशे किलोमीटरचा मार्ग अडवेल. एका माणसाने ‘नाही’ म्हटलं म्हणून बाकी सगळ्यांनी थांबायचं का?

याला उत्तर दिलंच पाहिजे. माझं उत्तर २०१३ मधल्याच दुसऱ्या एका घटनेतून निघतं. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरीच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला. बारा ग्रामसभा झाल्या. बाराही जणींनी खाण नाकारली. आता बघा. खनिज जिथे असतं तिथेच असतं. खाण दहा मैल सरकवता येत नाही. ज्या प्रकल्पाला दुसरी जागाच नाही, त्याच्याबाबतीत आपण लोकांना विचारलं. रेषेला मात्र पर्याय असतो. ती थोडी पूर्वेला किंवा थोडी पश्चिमेला नेता येते, पाड्याला वळसा घालता येतो, विहीर वाचवता येते. जिला वळता येतं, तिला न विचारण्याची सूट! तर्क उलटा झाला, असं मला वाटतं.

यावर इंजिनिअर म्हणेल, सर, ३२० च्या वेगाची गाडी अशी कुठेही वळत नाही, तिच्या वळणाची त्रिज्या काही किलोमीटरची असते. अगदी बरोबर. आणि म्हणूनच विचारायचं ते मोजणीचे खुंट ठोकल्यावर नाही, त्याआधी. एकदा रेषा पक्की झाली की कोणत्याही एका गावासाठी ती वळणार नाही, कारण तिचं वळण दहा गावं आधी सुरू झालेलं असतं. मग ग्रामसभेपुढे काय ठेवायचं? ‘हो म्हणा’ एवढंच उरतं. ज्या प्रश्नाचं एकच उत्तर चालतं, त्याला प्रश्न म्हणत नाहीत.

आता ‘उन्नत’ या शब्दाकडे येतो. हा मार्ग बहुतांश खांबांवरून जातो. त्याचं समर्थन नेहमी असं केलं जातं की मातीच्या भरावापेक्षा जमीन कमी लागते, साधारण साडेसतरा मीटरचा पट्टा पुरतो. खालून पाणी वाहतं, गुरं जातात, माणसं जातात. हे समर्थन खोटं नाही. भराव घातला असता तर पावसाळ्यात ओढ्यांचं पाणी अडलं असतं आणि गावाचे दोन तुकडे पडले असते. भराव की खांब, असा प्रश्न असेल तर मीही खांबच म्हणेन.

पण ‘वरून जाते’ या शब्दांत एक फसगत आहे. वरून काहीच जात नाही. प्रत्येक खांब खाली उतरलेला असतो, त्याला पाया असतो, काम करायला रस्ता लागतो, वीज उपकेंद्रं लागतात, डेपो लागतात. साधं गणित करू. १३८९.४९ हेक्टर जमीन ५०८ किलोमीटरवर सारखी पसरली तर पट्टा सुमारे सत्तावीस मीटरचा होतो. यात स्थानकं आणि डेपो धरले आहेत, हे खरं. पण वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंतचे एकवीस किलोमीटर बोगद्यातून जातात, हेही लक्षात घ्या. म्हणजे रेषेला रुंदी आहे. ती कागदावर दिसत नाही, जमिनीवर दिसते.

त्या बोगद्यातले सात किलोमीटर ठाणे खाडीखालून आहेत. तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य आणि खारफुटी यांना धक्का लागू नये हा त्यामागचा एक हेतू होता. ठाणे स्थानकाची रचनाही खारफुटी कमी तोडावी लागावी म्हणून बदलली. नंतर डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे बावीस हजार खारफुटी तोडायला उच्च न्यायालयाने परवानगी दिली, तोपर्यंत मूळचा आकडा निम्म्याहून खाली आला होता. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पक्ष्यांसाठी मार्ग जमिनीखाली गेला, चांगलं झालं. सांगायचंय ते एवढंच की रेषा हलते. जिथे कायद्याने जाब विचारता येतो आणि विचारणारे लोक असतात, तिथे ती हलते.

आता संमतीबद्दल. डहाणू आणि तलासरी हे घटनेच्या पाचव्या अनुसूचीतले भाग आहेत. इथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. संपादनाआधी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी विचारविनिमय करावा, असं तो सांगतो. २०१३ चा भूसंपादन कायदा एक पाऊल पुढे गेला. त्याच्या एकेचाळिसाव्या कलमानुसार अनुसूचित भागात शक्यतो जमीन घेऊच नये, घ्यायची तर शेवटचा उपाय म्हणून, आणि ग्रामसभेची पूर्वसंमती घेऊन. विचारविनिमय आणि संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात मुलीच्या लग्नाबद्दल तिच्याशी ‘बोलणं’ आणि तिला ‘विचारणं’ यात जो फरक आहे, तोच.

जमिनीवर मात्र तिसराच मार्ग चालला. महाराष्ट्रात ‘थेट खरेदी’ची पद्धत आहे. सक्तीच्या संपादनाची वाट न पाहता खातेदाराने स्वतःहून जमीन दिली, तर मोबदल्यावर पंचवीस टक्के जादा. पालघर जिल्ह्यात अनेक ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, मोजणी अडवली, मोर्चे काढले. २०१८ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत हा प्रचाराचा मुद्दा होता. आणि एकीकडे ठराव होत असताना दुसरीकडे एकेक खातेदार सही करत गेला.

त्याला दोष देऊ नका. जमीन जाणारच आहे असं दिसत असताना पंचवीस टक्के जादा कोण सोडेल? माझा आक्षेप त्याच्यावर नाही, हिशोबाच्या पद्धतीवर आहे. ग्रामसभेची संमती आणि शंभर खातेदारांच्या शंभर सह्या ही एकच गोष्ट नव्हे. सही करतो तो ज्याच्या नावावर सातबारा आहे. पण पाड्यावर सातबारा नसलेली माणसं असतात. वनपट्ट्याचा दावा वर्षानुवर्षं पडून असलेला असतो. दुसऱ्याच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या घर असतं. विहीर, स्मशान, गुरांची वाट, देवाची जागा यांना खातेदार नसतो. या सगळ्यांच्या वतीने बोलू शकते ती फक्त ग्रामसभा. ती बाजूला सारली की ही सगळी माणसं आणि या सगळ्या जागा हिशोबातून जातात.

इथे एक निकाल आठवतो. विक्रोळीतल्या एका मोठ्या भूखंडावरून गोदरेज कंपनी आणि सरकार यांचा वाद होता. भूखंड चार हेक्टरांहून थोडा कमी, ठरवलेला मोबदला २६४ कोटी. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीची याचिका फेटाळली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की हा राष्ट्रीय महत्त्वाचा सार्वजनिक प्रकल्प आहे आणि खासगी हितापेक्षा सार्वजनिक हित मोठं. विक्रोळीपुरतं हे मला पटतं. एका बाजूला कंपनी, दुसऱ्या बाजूला सार्वजनिक काम.

पण तेच वाक्य उचलून तलासरीत नेऊन ठेवता येत नाही. कारण ग्रामसभा ही खासगी नाही. तीही सार्वजनिकच आहे. कायद्याने निर्माण झालेली आहे. तिथला वाद सार्वजनिक विरुद्ध खासगी असा नसून मोठं ‘सार्वजनिक’ आणि लहान ‘सार्वजनिक’ यांच्यातला आहे. मोठं नेहमी हरावं असं मी म्हणत नाही. पण लहानाला आधी ‘बाधित व्यक्ती’ म्हणून सुटं करायचं, प्रत्येकाला मोबदल्याची पावती द्यायची, आणि मग म्हणायचं की बघा, या सगळ्या खासगी तक्रारी होत्या, हे बरोबर नाही. एका समाजाची मोडतोड करून त्याची यादी बनवली, आणि यादीने संमती दिली असं जाहीर केलं.

हा भाग ‘नाही’ म्हणायला आज शिकलेला नाही. १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची परिषद झाली आणि त्यांनी वेठबिगार करायची नाही असं ठरवलं. त्याआधी जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणं हे ‘रीत’ म्हणून चालत होतं. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघंही गडी व्हायचे. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला, पाच जण गेले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्या लढ्याची हकिकत लिहिली आहे. इतिहास सांगण्याचा हेतू असा की वेठबिगारीचं मर्म फक्त फुकट श्रमात नव्हतं. तुला विचारायचं कारणच नाही, या गृहीतकात होतं. त्या गृहीतकाविरुद्ध जे लोक ऐंशी वर्षांपूर्वी उभे राहिले, त्यांच्या नातवंडांना आपण चांगला दर देतोय. दर चांगला असेलही, पण विचारणं राहिलंच.

नाही म्हणण्याची संस्थाही इथे होती. डहाणू तालुका जून १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अनेक वर्षं त्याचे अध्यक्ष होते. याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला नकार दिला. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने नव्या बंदराला अटींसह हिरवा कंदील दिला. निर्णय बदलू शकतात. पण एखादी संस्था ‘नाही’ म्हणते त्या दिवशी तिची ताकद जशी कळते, तशी ती ‘हो’ म्हणते त्या दिवशी तिच्या कारणांची परीक्षा होते. ती परीक्षा नागरिकांनी घ्यायची असते.

आणखी एक गोष्ट. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणूच्या धुंदलवाडी परिसरात लहान-मोठे भूकंपाचे धक्के बसू लागले. फेब्रुवारी २०१९ मधला एक ४.१ तीव्रतेचा होता. लोक थंडीत घराबाहेर, तंबूत झोपले. बुलेट ट्रेनसाठी २८ भूकंपमापक बसवण्याची योजना आहे, धक्का ओळखला की वीज तुटेल आणि गाडी आपोआप थांबेल. ही व्यवस्था उत्तम आहे आणि ती हवीच. पण एकाच धक्क्याकडे दोन नजरांनी पाहिलं जातं. रेषेवरचा माणूस काही सेकंदांत सुरक्षित व्हावा यासाठी विचार झालेला आहे. रेषेखालच्या माणसाच्या कुडाच्या भिंतीचा विचार कुणी, कोणत्या आराखड्यात करायचा, हे ठरलेलं नाही.

आता जपानकडे येतो, कारण तंत्र तिथून आलं, कर्ज तिथून आलं, आणि माझ्या मते यायला हवी होती ती गोष्ट मात्र आली नाही. आपल्याला जपानचं १९६४ सांगितलं जातं : तोक्यो-ओसाका शिंकान्सेन, वक्तशीर, वेगवान. पुढचं सांगितलं जात नाही. १९७४ मध्ये नागोया शहरात उन्नत मार्गालगत राहणाऱ्यांनी आवाज आणि हादरे यांविरुद्ध रेल्वेवर दावा लावला. दुसऱ्याच वर्षी तिथल्या सरकारने शिंकान्सेनच्या आवाजाची मर्यादा ठरवली. खटला बारा वर्षं चालला आणि १९८६ मध्ये समझोता झाला. खाली राहणाऱ्यांनी रेषेची रुंदी मोजायला लावली, डेसिबलमध्ये.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तोक्योच्या उत्तरेला, साइतामा प्रांतात घडली. तोहोकू शिंकान्सेन तिथून न्यायची होती. आधी काही भाग जमिनीखालून ठरला होता, १९७३ मध्ये तो बदलून उन्नत केला. तोदा, उरावा, योनो या गावांतले लोक उठले. त्यांचा मुद्दा अगदी साधा होता. गाडी आमच्या डोक्यावरून जाणार, आमच्याकडे थांबणार नाही, आम्हाला काय? विरोध इतका टिकला की १९८२ मध्ये तोहोकू शिंकान्सेन सुरू झाली ती तोक्योहून नव्हे, ओमियाहून. तोक्योतल्या उएनोपर्यंतचा तुकडा व्हायला १९८५ उजाडलं. तडजोड काय झाली? शिंकान्सेनच्या खांबांना लागूनच लोकलचा नवा उन्नत मार्ग बांधला गेला, साइक्यो लाइन, स्टेशनं त्याच गावांत. दोन्ही बाजूंना वीस-वीस मीटरचा पट्टा मोकळा ठेवला. त्या भागात शिंकान्सेनचा वेगही ताशी ११० किलोमीटरवर आणला. ती लोकल ३० सप्टेंबर १९८५ ला सुरू झाली. आज तोक्योला कामाला जाणाऱ्यांची ती अत्यंत गर्दीची वाट आहे.

तोदा हे महानगराचं दाट उपनगर होतं आणि तलासरी विखुरलेल्या पाड्यांचा तालुका आहे, हा फरक मला माहीत आहे. शेजारी लोकलचा मार्ग बांधा, असं मी सुचवत नाही. मी पद्धतीबद्दल बोलतोय. तिथे लोकांना मोबदला देऊन सुटं केलं नाही, गावांशी गाव म्हणून बोलणं झालं. आणि देवाणघेवाण झाली ती वाहतुकीच्याच भाषेत : आमच्यावरून गाडी न्या, पण आम्हालाही गाडी द्या.

डहाणूला अशी मागणी करायला जागा होती. डहाणू रोडपर्यंत लोकल पोचली ती एप्रिल २०१३ मध्ये. विरारपासून पुढे दोनच रुळ, त्यांवर लोकल, मेल, मालगाडी सगळं. विद्यार्थी, शिक्षक, भाजीवाल्या, बोईसरच्या कारखान्यांतले कामगार यांच्या रोजच्या गाड्या मेलला वाट देत थांबतात. विरार-डहाणू चौपदरीकरण, सुमारे ६४ किलोमीटर, मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात आहे. त्याची मंजुरी २०१६ ची, म्हणजे बुलेट ट्रेनच्या सप्टेंबर २०१७ मधल्या पायाभरणीच्या आधीची. तलासरी गावाला तर रेल्वे स्टेशनच नाही. आधी लोकलचे दोन रुळ द्या, तलासरीहून डहाणू रोड आणि उंबरगाव स्टेशनांना लागून वेळेवर एसटी द्या, मग वरून जाणाऱ्या गाडीबद्दल बोलू, असं एखाद्या ग्रामसभेने म्हटलं असतं तर ते अडेलतट्टूपणाचं होतं का? ती नियोजनातली अत्यंत समंजस सूचना ठरली असती. पण ती कुणापुढे मांडायची? ज्या अधिकाऱ्यापुढे ग्रामसभा बसली, त्याला फक्त जमिनीचा दर ठरवण्याचा अधिकार होता.

म्हणून पुढच्या रेषेबद्दल मी तीन गोष्टी मागतो. एक, ग्रामसभेपुढे रेषा पक्की होण्याआधी जा, आणि एक नकाशा नेऊ नका, दोन-तीन न्या. पर्याय समोर असले की ‘नाही’ हा अडथळा राहत नाही, ती निवड होते. एका गावाने मार्ग अडवण्याची भीती यानेच कमी होईल. दोन, खातेदारांच्या सह्या आणि ग्रामसभेचा ठराव हे वेगळे मोजा, आणि दोन्ही जाहीर करा. सह्या शंभर टक्के आणि ठराव विरोधात असं असेल तर तेही लोकांना कळू द्या. तीन, ज्या तालुक्यातून रेषा न थांबता जाते, त्या तालुक्याची स्वतःची वाहतूक त्याच प्रकल्पाच्या खर्चात धरा, वेगळ्या खात्याची मेहेरबानी म्हणून नव्हे.

कुणी म्हणेल, याने वेळ जाईल. जाईल. पण न विचारताही वेळ गेलाच. २०१७ मध्ये पायाभरणी झाली तेव्हा ही गाडी २०२२ मध्ये धावेल असं सांगितलं होतं. ती वर्षं विचारण्यात गेली असती तर निदान विचारल्याचं समाधान तरी राहिलं असतं.

वाढवणच्या रस्त्याची आणि रेल्वेची आखणी पुढे सरकते आहे. श्रोत्यांपैकी जे पालघर जिल्ह्यातले आहेत, त्यांना माझी विनंती आहे. आपल्या ग्रामसभेत जा आणि तिथे कोणता नकाशा आला, किती आले, कधी आले, हे विचारा. उत्तर लेखी घ्या. आणि जे मुंबईत राहतात, एखाद्या दिवशी त्या गाडीत बसतील, त्यांनी बोईसर गेल्यावर खिडकीबाहेर पाहावं. बाराएक मिनिटं आहेत. तेवढ्या वेळात जे दिसेल ते कुणाचं तरी गाव आहे.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.